वेशीतला एक ठोका

हलगीवर एक ठोका, तोही हलकासा, मारला तर उद्यापासून तुमच्या घरात पाणी येईल. बायकोला ओढ्यात उकिडवं बसून वाटीवाटीनं घागर भरावी लागणार नाही, गिरणीवाला दळण घेईल, दुकानदार मीठ देईल, वाटेत भेटणारी माणसं पुन्हा तुमच्या नावानं हाक मारतील. माराल का तुम्ही तो ठोका? उत्तराची घाई करू नका. चर्चच्या बाकावर किंवा सभेच्या सतरंजीवर बसून या प्रश्नाचं उत्तर फार सोपं असतं. सोळाव्या वर्षी मी ते फटकन देत असे, कुणी विचारलं नसलं तरी देत असे. ज्यांना ते खरोखर द्यावं लागलं ते माझे वडील होते, आणि त्या दिवशी भीतीनं त्यांचं पोट बिघडलं होतं.

आमचं गाव कडेगावच्या अलीकडं, ओढ्याच्या काठाला. उसाच्या मळ्यांचं गाव, दर दोन घरांआड एक माणूस पलटणीत. आमचा मांगवाडा खालच्या अंगाला, वेशीबाहेर. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो आणि गाव शिवा म्हणायचं. बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकसाहेबांनी त्यांचं नाव शमुवेल ठेवलं होतं, पण ते फक्त रविवारच्या प्रार्थनेत निघे, आणि निघालं की आप्पा दुसऱ्याच कुणाला हाक मारल्यासारखं इकडंतिकडं बघत. गावदेवीच्या यात्रेत आमच्या घराला एक मान होता. पालखी वेशीत आली की आमच्या घरातल्या कर्त्या पुरुषानं हलगीवर पहिला ठोका मारायचा, मगच पालखीनं वेस ओलांडायची. मान म्हणायचा त्याला. त्या एका दिवसाच्या मानासाठी उरलेलं वर्ष त्याच वेशीच्या बाहेर उभं राहायचं, हे कुणी बोलायचं नाही. आप्पा मिरजेच्या इस्पितळात पोटाच्या दुखण्यानं बरेच दिवस पडून होते. तिथं माझा मामा वॉर्डात काम करायचा, त्याच्याकडून त्यांनी येशूचं नाव ऐकलं. बरे होऊन परतले ते बाप्तिस्म्याचं ठरवूनच. त्यानंतर आमची हलगी रविवारी अंगणात भजनाला वाजायला लागली आणि वेशीत वाजायची थांबली. सगळ्या गोष्टीला एवढंच कारण घडलं.

घर दोन खणांचं, पत्र्याचं. सकाळी आधी बयाचा आवाज, म्हणजे माझ्या आईचा. ती चुलीशी, कोंबड्यांशी आणि देवाशी एकाच सुरात बोलायची, त्यामुळं तिनं कुणाला रागावलं ते नीट ऐकल्याशिवाय कळायचं नाही. हलगी चुलीजवळच्या खुंटीला असायची, कातडं कोरडं राहावं म्हणून. पत्र्याच्या पेटीला आतून, डब्यांच्या तळाला, चौकटीच्या फटीला, जिथं तिथं मामानं आणलेली पत्रकं चिकटवलेली होती. चारपानी, पातळ कागदाची, वर एक चित्र आणि खाली "तू कोठे जाणार?" असला काहीतरी जाब. माझी अक्षरओळख शाळेत झाली असली तरी वाचायला मी शिकले त्या पत्रकांवर. श्रद्धेसाठी जीव देणाऱ्याला आमच्यात रक्तसाक्षी म्हणतात. त्या रक्तसाक्षींची चित्रं मला पाठ होती. कुणी जाळात, कुणी पाण्यात, कुणी खांबाला बांधलेला, आणि सगळ्यांची तोंडं नुकतंच पोटभर जेवल्यासारखी शांत. मरताना सगळे गाणं म्हणायचे. मेल्यावर त्यांना मारणाऱ्यांतला एक तरी गुडघ्यावर यायचा. साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये मी भित्तिपत्रकात लिहायला लागले तेव्हा माझ्याही लेखातली माणसं अशीच मरायची. शाळेच्या शिपायावर लिहिलेल्या लेखात मी त्याला शेवटी मारला होता. तो बिचारा धडधाकट होता, आणि वाचून दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

बाप्तिस्म्यानंतरच्या पहिल्या यात्रेला आप्पा तापानं पडले आहेत असं बयानं सांगितलं, आणि गावानं ते मानून घेतलं. दुसऱ्या वर्षी आप्पा स्वतः तात्या पाटलांकडं जाऊन सांगून आले की इथून पुढं जमायचं नाही. तात्या हसले म्हणे. पालखी ठोक्याशिवाय वेशीतून गेली. आणि त्या वर्षी पाऊस पडला नाही. पुढं काय झालं ते त्या दिवसांत आमच्या भागात राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. मळ्यातले ऊस उभे वाळले, जनावरं छावणीत गेली, रेशनवर मिळणाऱ्या मिलोच्या, म्हणजे तांबड्या परदेशी ज्वारीच्या, भाकरी घशाखाली उतरेनात. आमच्या वस्तीच्या आडात खाली चिखल राहिला. सगळ्यांनी मिळून पाटलांच्या मळ्यातल्या हौदावर पाणी भरायचं ठरलं होतं, इंजिन चालू असेल तेवढा वेळ. मग कुणीतरी कधीतरी म्हणालं की पाऊस का गेला हे काय शोधायला पाहिजे? ठोका चुकला. देवी तहानलेली ठेवून आपण पाणी कसं मागतो? हे बोलणं पारावरून चावडीत आलं आणि चावडीतून आमच्या दारात. हौद आम्हाला बंद झाला. मग गिरणी, मग दुकान. वस्तीतली बाकीची घरं आमच्याशी दुरून बोलायची, कारण आमच्याशी बोलणाऱ्याचाही हौद बंद होणार होता.

सुट्टीला मी साताऱ्याहून आले ती या सगळ्यात. बयानं दाराशी पायरी म्हणून पालथं घातलेलं जुनं जातं पुन्हा घरात घेतलं होतं. पहाटे त्याची घरघर सुरू झाली की मला वाटे, गाव ऐकत असेल, आणि बरं वाटे. भाकरी आणि हुलग्याचं माडगं. मीठ संपलं तेव्हा माडगं अळणी. ओढ्याच्या वाळूत झिरा खणायचा, पाणी झिरपून येईपर्यंत बसायचं, वाटीनं घागरीत भरायचं. बया आणि मी आळीपाळीनं जायचो. वर मळ्यात इंजिनाचा टुकटुक आवाज यायचा आणि हौदात पडणाऱ्या पाण्याचा. आजही कुठं इंजिन चालू असलं की माझ्या घशाला कोरड पडते, उसाच्या रसाच्या गाडीवरचं असलं तरी. डॉक्टरांना सांगून उपयोग नाही, म्हणून कुणाला सांगितलेलं नाही.

एकच बाई आमच्याकडं येई. सुभेदारीणबाई. त्यांचे मालक पलटणीतून निवृत्त होऊन आले होते, पाटलांच्या भावकीतले. दिवस मावळला आणि वाट दिसेनाशी होऊ लागली की बाई आमच्या परसात येत, कळशी कुडावर ठेवत, आणि "मी आले न्हवते गं," एवढं बोलून जात. बया हात जोडायची. मी मनात म्हणायचे, ही कसली दया, जी तोंड लपवून येते? पाणी मात्र मी प्यायचे. सोळाव्या वर्षी दोन्ही जमतं.

मी गावाला उद्देशून एक पत्रक लिहिलं. "गावकऱ्यांना जाहीर सवाल" असं नाव दिलं होतं, आणि सवाल सतरा-अठरा तरी होते. ते चावडीच्या भिंतीला चिकटवायचा माझा बेत होता. खळ शिजवायला पीठ मागितलं तेव्हा बयाला संशय आला. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, उलटासुलटा केला, तिला वाचता येत नव्हतं, आणि चुलीत घातला.

"तुजा सवाल बरा पेटला बग," ती म्हणाली. "वलं लाकूडबी धरलं."

"बया, कुणीतरी बोलायला पाहिजे!"

"तुजा बा बोललाय की. एकदा बोललाय त्येच निस्तारतोय अजून."

यात्रेच्या आठवड्यात तात्या पाटील आले. ते आत येणार नव्हतेच, अंगणात निंबाखाली उभे राहिले. मी आयुष्यात पुष्कळ दुष्ट माणसं लिहिली, पण तात्या त्यांच्यात बसत नाहीत. दुष्काळानं त्यांचेही गाल बसले होते. आप्पा आणि ते बरोबरीचे, लहानपणी एकत्र ओढ्यात पोहलेले.

"शिवा, गड्या, लय झालं आता," तात्या म्हणाले. "लोकं माझ्या उरावर बसल्याती. मी म्हनत न्हाई पालखीम्होरं रातभर वाजीव. म्हनत न्हाई मळवट भर. एक ठोका. पालखी हालली की तू तुज्या घरी, तुजा येसू तुज्यापाशी. सांच्याला हौद मोकळा."

आप्पा खाली बघत होते. "सोपान वाजवंल तात्या. त्येला मान देतो. हलगीबी देतो."

सोपानकाका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. त्यांनी बाप्तिस्मा घेतला नव्हता. ते शेजारीच राहत आणि आमच्याकडं बघायचं टाळत.

"सोपानच्या ठोक्यावर पालखी जाईल," तात्या म्हणाले, "पर हौद न्हाई उघडणार. हौद तुज्याच ठोक्यावर हाय. गावाचं तसं ठरलंय."

"मग ऱ्हाऊ द्या हौद."

"घरात पोरगी हाय, बायकू हाय. तुला ठोका जड, आनि त्यांनी वाळू उपसायची व्हय रं?"

तात्या गेल्यावर आप्पा हाताची बोटं मोडत बसले. माझ्या पत्रकांतल्या माणसांना इथं काहीतरी बोलायला सुचत असे.

दुसऱ्या दिवशी सायकलवरून पाळकसाहेब आले. मला वाटलं, आता धीर देतील. त्यांनी झिऱ्याच्या गढूळ पाण्याचा चहा घेतला, कप खाली ठेवला आणि शास्त्रातल्या एका परक्या सेनापतीची गोष्ट सांगितली. त्यानं खऱ्या देवाला मानलं होतं, पण नोकरीमुळं त्याला राजाबरोबर दुसऱ्या देवाच्या देवळात जावं लागे, आणि राजा वाकला की वाकावं लागे. त्यानं संदेष्ट्याला विचारलं, याची क्षमा होईल का? संदेष्टा म्हणाला, शांतीनं जा.

"देव मन बघतो, शमुवेल," पाळकसाहेब म्हणाले. "लाकूड आणि कातडं बघत नाही."

मी भडकले. "मग रक्तसाक्षी का मेले साहेब? त्यांनाही राजाच्या मूर्तीपुढं चिमूटभर धूपच टाकायला सांगितलं होतं. टाकायचा होता, आणि घरी जाऊन मनात प्रार्थना करायची होती!"

"रूथ, मोठ्यांच्यात बोलू नये," साहेब म्हणाले. मग थोडं थांबून, "मला तुझ्या आईची काळजी वाटते, बाळ." ते खरंच बोलत होते. त्या वेळी मला ते भित्रे वाटले. आता मी त्यांच्याहून म्हातारी झाले आहे आणि मला ते फक्त काळजीत पडलेले दिसतात.

बयाला कुणी विचारलं नाही, तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं. चुलीशी बसून, आमच्याकडं पाठ करून. "आवं, तुमाला वाजवायचं आसंल तर माज्यासाठी वाजवू नगा. वाळू मला जड न्हाई. पर वाजवलं न्हाई म्हणून मारत्याल, तवा मला म्हणू नगा की सांगितलं न्हवतं. मारत्याल त्ये." आणि मग अळणी माडगं वाढलं.

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि ती भीती नीट लिहायची म्हणूनच मी हे प्रकरण लिहायला घेतलं. आप्पा वाजवतील याची मला भीती होती. वाजवणार नाहीत याचीही होती. वाजवलं तर माझा बाप पत्रकातल्या त्या माणसांसारखा होईल, जे दुसऱ्या पानावर श्रद्धा सोडतात आणि ज्यांचं पुढं चित्र नसतं. नाही वाजवलं तर काय होईल, हे मला पहिल्यांदाच चित्राशिवाय दिसत होतं. आप्पांची पाठ दिसत होती, सदरा फाटलेला. मी देवाकडं मागायला बसले आणि काय मागायचं तेच ठरेना.

यात्रेच्या दिवशी सकाळपासून आप्पा हागणदारीकडं जाऊन येत होते. जात, परत येत, पाय धुवायला पाणी नसे म्हणून राखेनं हात घासत, पुन्हा जात. बयानं त्यांना जिरे चावायला दिले. "काय व्हायलंय?" ती म्हणाली. "भ्या वाटतंय," आप्पा म्हणाले, ऊन लय हाय म्हणावं तसं. मला शरम वाटली. रक्तसाक्षींना जुलाब होतात असं कुठंही छापलेलं नव्हतं.

हलगी सोपानकाकांच्या हातात देऊन आप्पांना घरी राहता आलं असतं. पण वस्तुस्थिती अशी होती की खुंटीवरची हलगी काढायला काका येईनात. शेवटी आप्पांनीच ती काढली, काखेत घेतली आणि वेशीकडं निघाले. मागून बया, तिच्यामागून मी. वळवाचं आभाळ दाटून आलं होतं, एक थेंब पडत नव्हता. हवा ओल्या फडक्यासारखी. वेशीत सगळं गाव उभं होतं आणि मधोमध पालखी खांद्यांवर थांबलेली. आप्पांनी हलगी काकांच्या हातात दिली आणि आम्ही वेशीच्या बाहेर, बाभळीपाशी उभे राहिलो.

काकांनी हलगी छातीशी धरली, टिपरू उचललं आणि ठोका मारला. आवाज निघाला तो ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा. दमट हवेत हलगीचं कातडं ढिलं पडतं. वाजवायच्या आधी ती जाळावर शेकून कडक करावी लागते. हे काकांना ठाऊक नव्हतं का? पाळण्यापासून ठाऊक होतं. पण सगळं गाव बघायला लागलं की माणूस पहिल्यांदा आपलं कामच विसरतो. त्यांनी पुन्हा मारला. पुन्हा तसाच, भद्द.

कुणीतरी हसलं. मग हसू थांबलं आणि ते जास्त वाईट होतं.

"मुद्दाम केलंय!" एक जण ओरडला. "दोगं भाव मिळून आईची चेष्टा करत्यात!"

"हलगी भिजवून आनली आसंल!"

काकांच्या कानफटात बसली. ते खाली बसले, हलगी पोटाशी धरून, आणि त्यांच्याभोवती पाय जमले. "न्हाई वो, न्हाई वो," एवढंच ते म्हणत होते. आणि मग मी पाहिलं की माझ्या शेजारी आप्पा नाहीत. ते गर्दीत शिरले होते. त्यांनी वाकून काकांच्या हातातली हलगी घेतली.

सगळ्यांना वाटलं तेच मला वाटलं. बयानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

आप्पांनी कुंपणाकडचं उसाचं वाळलेलं पाचट गोळा केलं. कुणीतरी काडेपेटी पुढं केली. त्यांनी जाळ केला आणि हलगी त्यावर धरली, फिरवत, जवळ नेत, लांब करत, जसं ते रविवारी करत तसंच. पाचटाचा जाळ भडकतो आणि लगेच बसतो, त्यामुळं पुन्हा पुन्हा टाकावं लागतं. पालखीवाल्यांनी खांदे बदलले. शेकून झालं की हलगीवाला कातड्यावर एक टिचकी मारतो, कडक झाली का बघायला. त्याशिवाय कुणी कधी हलगी दुसऱ्याच्या हातात दिलेली नाही. सगळं गाव त्या टिचकीची वाट बघत होतं, आणि मला कळलं की ती टिचकी वाजली असती तरी गावानं ती ठोका म्हणून धरली असती. आनंदानं धरली असती. सगळेच थकले होते.

तात्या पाटील पुढं आले आणि हळूच, जवळजवळ विनवल्यासारखं म्हणाले, "तपासून बग की शिवा. कडक झाली का."

तो दरवाजा तात्यांनी आप्पांसाठी उघडला होता, आणि स्वतःसाठीही. आप्पांना ते कळलं. त्यांनी तात्यांकडं पाहिलं, हलगी उचलली आणि कातडं आपल्या गालाला लावलं. एवढंच. गालावरून हळू फिरवलं. मग हलगी काकांच्या पुढं धरली.

"घे सोपान. झाली कडक. भिऊ नगंस, मनगट सैल सोड."

"हातात हाय तर हाण की एक!" मागून कुणीतरी ओरडलं.

"न्हाई."

"का रं? एवढं काय पाप लागतंय त्यात?"

"पापाचं मला कळत न्हाई," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "मी त्येला शब्द दिलाय. दुसरं काय न्हाई. तुमच्या देवीचं मला वावडं न्हाई. पर शब्द दिलाय."

पालखीबरोबर चालणाऱ्या एका तरण्या माणसानं हातातली काठी उचलली आणि आप्पांच्या उजव्या हातावर मारली. हलगी अजून त्याच हातात होती. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. आप्पा गायले नाहीत. "आई गं मेलो," असं ओरडले, अगदी कुणीही ओरडेल तसं, आणि मांडी घालून खाली बसले. काकांनी हलगी उचलली. ते रडत होते. त्यांनी ठोका मारला आणि तो इतका खणखणीत वाजला की ओढ्यापलीकडून परत आला. पालखी हलली. काका वाजवत पुढं गेले, गुलाल उडाला, माणसं आमच्या अंगावरून गेल्यासारखी जवळून गेली, आणि वेशीत आम्ही तिघं उरलो. कुणी गुडघ्यावर आलं नाही. आकाश उघडलं नाही. पाऊसही तसाच टांगून राहिला.

हात कोपराखाली वाकडा झाला होता आणि आप्पांचं तोंड पांढरं पडत चाललं होतं. एस.टी. फाट्यावर मिळायची, मिरज लांब. बया इकडं बघे, तिकडं बघे. बैलगाडी आम्हाला कोण देणार? तेवढ्यात गावातून गाडीच्या चाकांचा आवाज आला. सुभेदारीणबाई. गाडी हाकायला त्यांचा गडी होता, पण कासरा बाईंनीच धरला होता. भर दिवसा, पारावरून, सगळ्या यात्रेच्या मधून त्या गाडी घेऊन आल्या होत्या.

"बगत काय बसलीस पोरी, धर तिकडनं!" त्या माझ्यावर खेकसल्या. आप्पांना गाडीत चढवलं. बाई खाली उतरल्या नाहीत. त्या आमच्यात बसल्या, बयाच्या आणि माझ्या मधे, आणि आप्पांचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं. फाट्याला जायची वाट गावातूनच होती. गाडी पालखीच्या शेजारून गेली. कुणीतरी हाक मारली, "वैनी, हे काय?" बाईंनी मोठ्यानं, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं उत्तर दिलं, "शिवाला मिरजेला न्ह्यायलेय! यायचं आसंल तर या, न्हाई तर वाट सोडा!"

मिरजेला हात जोडला गेला, पण बोटांत पूर्वीची ताकद परत आली नाही. त्यानंतर आप्पांना टिपरू नीट धरता आलं नाही. वॉर्डात मी त्यांच्या उशाशी बसले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "आप्पा, तुमी रक्तसाक्षी हायसा."

"गप बस," ते म्हणाले. "लय दुखतंय." मग थोड्या वेळानं, छताकडं बघत, "मेलो असतो तर तुजी सोय झाली असती. छापलं असतंस."

मी रडायची थांबले. त्यांना हसू फुटलं आणि हसल्यानं हात दुखला.

पाळकसाहेब भेटायला आले. त्यांनी प्रार्थना केली, कौतुक केलं, आणि जाताना म्हणाले की एक गोष्ट मात्र खटकते. हलगी शेकून दिली, ती एका अर्थी मूर्तीची सेवाच झाली.

"सोपानला मारत हुते साहेब," आप्पा म्हणाले.

मी त्या उत्तरावर इतकी वर्षं विचार करते आहे. माझ्या पत्रकांतले रक्तसाक्षी फक्त आपल्या देवाकडं बघत मरायचे. आप्पांनी त्या दिवशी दोन्हीकडं बघितलं. शब्द मोडला नाही, आणि भावाला मार खाऊ दिला नाही. छळ करणारे त्यांच्यासाठी शेवटपर्यंत तात्या आणि सोपान आणि गाव असेच राहिले, कुठल्या चित्रातले सैनिक झाले नाहीत. मला वाटतं ख्रिस्ती माणसाची साक्ष यातच असते. मरण हा तिचा एक शेवट असेल, नसेल. ज्याच्यासाठी मरायची तयारी आहे त्याच्यावरची निष्ठा, आणि जो मारतो आहे त्याच्याविषयीची माया, या दोन्ही एका हातात धरायच्या. हात मोडला तरी. हे मी आज कागदावर लिहिते आहे, मला ते कधी जमलेलं नाही, पण मी ते होताना पाहिलं आहे, आणि पाहिलेलं सांगायला माझी हरकत असू नये.

गाव एका दिवसात बदललं नाही. सुभेदारांच्या घरी त्या वर्षी कुणी हळदीकुंकवाला गेलं नाही. बाईंनी बयाला बोलावलं, ओसरीवर बसवलं आणि चहा दिला. बया परत आली ती इतकी भेदरलेली की दोन दिवस तिला ताप होता. पण मग वस्तीतली एक बाई आमच्याकडं विस्तव मागायला आली, दिवसा. मग गिरणीवाल्याच्या बायकोनं बयाला वाटेत थांबवून विचारलं, आप्पांचा हात कसा हाय. हौदाचं कुणी काही जाहीर केलं नाही. एके दिवशी आम्ही घागरी घेऊन गेलो आणि कुणी अडवलं नाही. तात्या मळ्यात इंजिनापाशी उभे होते. त्यांनी आमच्याकडं पाठ केली आणि इंजिन जरा जास्त वेळ चालू ठेवलं.

इथपर्यंत वाचलं असेल तर माझं एक काम करा. तुमच्या गावात, गल्लीत, इमारतीत कुणाशी तरी बोलणं बंद झालेलं आहे. असतंच. तो कुठल्या देवाला मानतो, कुणाशी लग्न केलं, कशाला नाही म्हणाला, ते विचारत बसू नका. दिवस मावळायची वाट बघू नका. उद्या सकाळी, लोक दारात उभे असताना, त्याच्या दाराशी जा आणि त्याला नावानं हाक मारा. मोठ्यानं मारा. शेजारच्या घरांना ऐकू गेली पाहिजे.